वाऱ्यावरची चकली

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फराळाच्या ताटाशी बसावे आणि पहिला हात चकलीकडे जावा, हा आमचा बालपणापासूनचा परिपाठ. २०२४ च्या दिवाळीत तो मोडण्याची वेळ आली. त्या वर्षी चैत्रात एका गावी कीर्तन चालू असताना छातीत कळ उठली. तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डॉक्टरांनी तेथे स्टेंट नावाची जाळीदार नळी बसवली आणि घरी पाठवताना पथ्यांचा जो कागद हाती दिला, त्यात 'तळलेले वर्ज्य' हे दोन शब्द अधोरेखित केलेले होते.

कीर्तनकाराला हे पथ्य किती अवघड, हे त्या व्यवसायातलाच जाणे. आरती होते न होते तोच यजमान गरम भज्यांची ताटली घेऊन पुढे उभा असतो. तथापि परगावी हात जोडून सुटका करून घेता येते. घरचे निराळे. नवरात्र संपताच आमच्या सौभाग्यवतींनी सांगून टाकले, "अहो, तुम्हांला चालत नाही ते या घरात शिजायचे नाही. यंदा कढई चढणार नाही." बेचाळीस वर्षे जिने स्वतः धान्ये भाजून भाजणी केली, जिच्या चकलीची आमची अर्धी आळी वाट पाहते, तिने हे वाक्य मेथी निवडता निवडता, वर न पाहता उच्चारले. मला ते डॉक्टरांच्या कागदापेक्षा जड गेले.

वसुबारसेला मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले. त्यांच्या सामानात लहानशा नगाऱ्याएवढी एक काळी पेटी होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, हा एअर फ्रायर. यात तेल न घालता तळता येतं. आईंनी चकली करायची आणि तुम्ही खायची." आयुष्य न्याय आणि व्याकरण घोकण्यात गेलेले, 'तेलावाचून तळणे' हे शब्द कानी पडताच मला वंध्यापुत्र आणि आकाशपुष्प आठवले. पण तिच्या डोळ्यांतला भाव पाहून मी शास्त्रार्थ आवरला.

त्याच सायंकाळी प्रयोग झाला. हिने नेहमीच्या प्रमाणात उकड काढली, सोऱ्याने आठ चकल्या पाडल्या, सूनबाईने त्या पेटीच्या टोपलीत मांडल्या आणि वीस मिनिटांनी बाहेर काढल्या. रंग फिकट, वर पिठाची पुटे आणि टणकपणा असा की नातवाने एक चकली फरशीवर आपटली तरी ती अभंग राहिली. ही काही बोलली नाही. पदराने हात पुसून तिने सोऱ्या धुऊन पालथा घातला. बेचाळीस वर्षांत तिची चकली बिघडल्याचे मी प्रथमच पाहत होतो, आणि सूनबाईचा चेहरा तर पाहवत नव्हता. दोघींपैकी कोणाचीच चूक नव्हती. चूक होती ती नावात, हे मला मागाहून कळले.

आमच्या गावातील महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्यात हयात घालवलेले एक स्नेही आहेत. दुसऱ्या दिवशी ती लाकडी चकली खिशात घालून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती मोडून पाहिली (मोडण्यास बत्ता लागला) आणि मला प्रतिप्रश्न केला, "भट्टी एकशे ऐंशी अंशांवर तापलेली आहे. तिच्या हवेत क्षणभर हात घातलात तर काय होईल?" मी म्हटले, धग लागेल. "आणि तितक्याच तापलेल्या तेलात?" उत्तर देण्याची गरजच नव्हती. उष्णतामान तेच, पण तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तेलात दोन हजार पटींहून अधिक उष्णता साठते, आणि ते पदार्थाला सर्व बाजूंनी बिलगते. म्हणून तेल पळभरात जे करते ते हवेला करता येत नाही. हवा ही स्वभावतः कृपण दात्यासारखी आहे. जवळ थोडे असते आणि देते तेही हात आखडून.

यावर उपाय एकच, आणि तो आपण रोज बशीतल्या चहावर करतो. चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, कारण चहाच्या पृष्ठभागावर उबदार, दमट हवेचा जो स्तब्ध थर साचलेला असतो तो फुंकरीने उडून जातो आणि त्याची जागा ताजी, कोरडी हवा घेते. हीच क्रिया उलट दिशेने घडवली तर? थंड पदार्थाभोवतीही असाच एक ओलसर, सुस्त थर पांघरुणासारखा असतो. त्यावर तापलेल्या हवेचा जोरदार झोत सोडला की पांघरूण निघून जाते आणि उष्णता पदार्थाला जलद पोचते. त्या काळ्या पेटीत याहून अधिक गूढ काहीही नाही. वरच्या बाजूस विजेच्या तारेचे वेटोळे, त्याच्या वर पंखा, खाली सच्छिद्र तळाची टोपली. पंखा हवा वेटोळ्यावरून फिरवतो, ती तापून टोपलीतून घुमत जाते, खालून पुन्हा वर ओढली जाते. पोकळी लहान असल्यामुळे पेटी तीन-चार मिनिटांत तापते. मोठ्या भट्टीला त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे लागतात. वरचे लाल वेटोळे पदार्थाला थेट आचही देते, म्हणून वरची बाजू आधी तांबूस होते आणि पदार्थ मध्येच उलटावा लागतो.

युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात विल्यम मॅक्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने विमानात गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी पंखा बसवलेली भट्टी तयार केली होती. पुढे बेकरीवाल्यांनी तशाच भट्ट्या सर्रास वापरल्या. घरगुती पेटीचे श्रेय नेदरलँड्समधील फ्रेड व्हॅन डर वेई या संशोधकाकडे जाते. बटाट्याचे लांब काप तेलाच्या कढईवाचून कुरकुरीत व्हावेत ही त्याची खटपट होती. ते तंत्र घेऊन फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही पेटी लोकांपुढे ठेवली आणि तिला 'एअरफ्रायर' म्हणजे 'हवेने तळणारा' असे नाव दिले. व्यापाराच्या दृष्टीने नाव उत्तम. पण आमची चकली बिघडली ती या नावापायीच. कारण नाव ऐकून आम्ही तिच्याकडून तळण्याची अपेक्षा केली, आणि ती तर भाजत होती.

येथे थोडे माझ्या प्रांतात शिरण्याची मुभा वाचकांनी द्यावी. भाजणे आणि तळणे या दोन क्रिया आपल्या पूर्वजांनी कधीच एक मानल्या नाहीत. पाणिनीय धातुपाठात 'भ्रस्ज्' हा भाजण्याचा धातू स्वतंत्र आहे. त्यावरून भर्जन, त्यावरून भ्राष्ट्र म्हणजे धान्य भाजण्याचे पात्र, आणि या भ्राष्ट्राचेच घासून घासून आपले 'भट्टी' झाले. यज्ञात अर्पावयाच्या धाना आणि लाजा हे भाजलेल्या धान्याचेच प्रकार. तळणेही कोणी परदेशातून आणलेले नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचविलेल्या 'मानसोल्लासा'त पूरिका आणि वटके आहेतच. परंतु मला सर्वांत मार्मिक वाटते ते वाग्भटाचे निरीक्षण. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानात अन्नाचे विवेचन करताना तो म्हणतो की एकाच पिठाचे अपूप, म्हणजे आपल्या घारग्या-पोळ्यांचे पूर्वज, निरनिराळ्या रीतींनी भाजले असता पचनास निरनिराळे ठरतात. तुसाच्या मंद धगीवर, खापरावर, भाजण्याच्या पात्रात, कंदू नावाच्या भट्टीत आणि निखाऱ्यावर, या क्रमाने ते उत्तरोत्तर हलके होत जातात. पीठ तेच, केवळ अग्नीची तऱ्हा बदलली आणि गुण बदलला! ही काळी पेटी वाग्भटापुढे ठेवली असती तर त्याने तिला कढईशेजारी नव्हे, कंदूशेजारी मांडले असते.

इथवर पूर्वरंग झाला. आता स्वयंपाकघरात जाऊ.

तेलाची कढई पदार्थाला काय करते हे नीट समजून घेतले म्हणजे पेटीकडून काय मागावे ते कळते. तापल्या तेलात चकली पडताच तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर येऊ लागते. चकलीभोवती नाचणारे बुडबुडे ते हेच. ही वाफ चकलीच्या अंगात असंख्य सूक्ष्म वाटा पाडते, आणि खुसखुशीतपणा म्हणजे या वाटा. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव नसतो. तेल पुरते तापण्याआधी घाणा सोडला तर वाफेचा जोर कमी पडतो आणि पदार्थ तेलकट होतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. परंतु पदार्थ तेल पितो ते मुख्यतः कढईबाहेर काढल्यावर, हे मला स्नेह्यांकडूनच कळले. थंड होताना आतल्या वाफेचे पुन्हा पाणी होते, पोकळी पडते आणि अंगाला चिकटलेले तेल आत ओढले जाते. तेव्हा ज्यांना कढईतच तळावयाचे आहे त्यांनी झारा कढईवर क्षणभर अधिक धरावा, चांगला निथळू द्यावा आणि मगच घाणा कागदावर पसरावा. तेवढ्यानेही पुष्कळ तेल वाचते.

पेटीत वाफ इतक्या आवेगाने निघत नाही. हवा हळूहळू वाळवते. अंतर्भाग मोकळा होण्याआधी कवच घट्ट बसते. म्हणून नेहमीच्या उकडीची चकली तेथे लाकूड होते. हे कळल्यावर हिने सोऱ्या पुन्हा हाती घेतला, तोही माझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अनुमानाने. "हवा ओलावा ओढते म्हणता ना? मग पीठ सैल हवे," इतकेच म्हणाली. भिजवण नेहमीपेक्षा मऊ केली. एका वाटी भाजणीस जेथे दोन चमचे कडकडीत मोहन घालत असे तेथे तीन घातले. पाडलेल्या चकलीला दोन्ही बाजूंनी तेलाचे बोट फिरवले. पेटी आधी चार मिनिटे रिकामी तापवली. आच एकशे ऐंशीवरून एकशे सत्तर अंशांवर आणली, आठ मिनिटांनी उलटवून पुन्हा सहा-सात मिनिटे. बाहेर काढताक्षणी ती मऊच लागते. घाबरून पुन्हा आत ढकलू नये. जाळीवर निवल्यावर तिला कुरकुरीतपणा येतो. ही चकली कढईतल्या चकलीची जुळी बहीण नव्हे, मावसबहीण म्हणावी. तोंडवळा मिळतो, आवाज निराळा. पण खाण्याजोगी, किंबहुना पुन्हा मागण्याजोगी झाली.

करंजी आणि शंकरपाळी यांना पेटी मानवते, कारण मोहन त्यांच्या पिठातच मुरलेले असते आणि त्यांचे पाकशास्त्र खारी-बिस्किटांच्या जवळचे आहे. शंकरपाळी एकशे साठ अंशांवर दहा-बारा मिनिटांत होतात. एकावर एक रचू नयेत, मध्ये एकदा टोपली हलवावी. करंजीला वरून पातळ तुपाचा हात फिरवावा आणि काठ दुधाच्या बोटाने पक्के चिकटवावेत, नाहीतर झोतात काठ उकलून सारण टोपलीत सांडते. चिवड्याचे शेंगदाणे एकशे साठ अंशांवर आठ-दहा मिनिटांत इतके एकसारखे भाजले जातात की कढईत हलवत बसण्याचा कंटाळा कायमचा गेला. पातळ पोहे मात्र आम्ही परातीत उन्हात आणि मग मंद आचेवरच वाळवतो. पेटीत ते सुक्या पानांसारखे उडतात. पापडाचा अनुभव तर सांगितलाच पाहिजे. हलका उडदाचा पापड टाकून सूनबाई वळली तोच तो पंख्याने उचलून तापल्या वेटोळ्याला नेऊन चिकटवला, आणि घरभर जळका धूर झाला. हलका जिन्नस ठेवावयाचा तर वर तारेची जाळी दडपण म्हणून हवी. हा केवळ चवीचा प्रश्न नाही, आगीचा आहे.

ज्यांना या पेटीचे खरे सामर्थ्य पाहावयाचे आहे त्यांनी आधी उकडून मग तळावयाचे पदार्थ करावेत. कोथिंबीर वडी आणि अळूवडी ही त्यांची उत्तम उदाहरणे. उकडताना अंतर्भाग शिजून झालेला असतो. पेटीला फक्त वरची बाजू खमंग करावयाची असते, आणि ते तिला फार चांगले साधते. वड्या कापून तेलाचा हात लावून एकशे ऐंशी अंशांवर बारा-पंधरा मिनिटे. साबुदाणा वडाही वीस मिनिटांत बरा होतो. आम्हा एकादशीवाल्यांची तेवढी सोय झाली. भरताचे वांगे तेल लावून, टोचे मारून दोनशे अंशांवर वीस मिनिटे ठेवले की साल आपोआप सुटते. निखाऱ्याचा धुरकट वास मात्र कोठून येणार?

आता पेटीला जे मुळीच साधत नाही तेही निःसंकोच सांगितले पाहिजे, कारण विकणारा ते सांगत नाही. पातळ पिठात बुडवलेले भजे कढईत पडताच तेल त्याला क्षणात आकार देते; पेटीत पीठ थिजण्याआधी छिद्रांतून गळून जाते. बुंदी त्याच कारणाने अशक्य. पुरी फुगत नाही. आणि अनारसे! तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे आणि गुळाचे ते पीठ, तुपात खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडले की कशी सुरेख जाळी पडते. ती जाळी वाफेची आणि तुपाची संयुक्त निर्मिती आहे. सूनबाईच्या उत्साहाने आम्ही दोन अनारसे पेटीत ठेवले. गूळ वितळून ते टोपलीच्या छिद्रांत असे मुरले की ती संध्याकाळ कोमट पाण्याने टोपली सोडवण्यात गेली. (तारेची घासणी लावू नये; टोपलीचा मुलामा जातो, आणि मुलामा गेल्यावर प्रत्येक पदार्थ अनारशासारखाच चिकटतो.) त्या रात्री कढई माळ्यावरून खाली आली.

आता प्रश्न उरतो प्रकृतीचा, ज्यासाठी हा सारा खटाटोप. 'तेलविरहित' हा शब्द ऐकून माझ्यासारखा पथ्यकरी हुरळून जातो. पण हिशेब करून पाहावा. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ उष्मांक. पीठ वा साखर एक ग्रॅमला चार. बाजारी बटाटा वेफर्समध्ये वजनाच्या सुमारे एक तृतीयांश तेल असते. तेच काप घरी एक चमचा तेल चोळून पेटीत केले तर केवळ तो चमचाच पोटात जातो. येथे लाभ मोठा आणि निर्विवाद आहे. चकलीत तितका नाही, कारण मोहन आपण वाढवले. करंजीत त्याहून कमी, कारण साखर, खोबरे, तूप जागच्या जागी आहेत. शेवेतले मीठही पेटी उडवून लावत नाही. आमच्या डॉक्टरांना मी फराळाची यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "चकली दोन चालतील. पण पेटीतली आहे म्हणून सहा खाल्लीत तर कढईतल्या दोन बऱ्या होत्या." त्या दिवाळीत मी तिसऱ्या दिवशीच सहावर गेलो होतो, ही कबुली येथे देऊन टाकतो. पेटी माणसाला फार लवकर निर्धास्त करते.

आणखी एक गोष्ट पिष्टमय पदार्थांविषयी. बटाटा वा धान्य कोरड्या आचेवर एकशे वीस अंशांवर तापून तपकिरी होऊ लागले की त्यात अक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य तयार होते. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी ते अन्नात दाखवून दिले. कढई असो वा पेटी, यातून कोणाचीच सुटका नाही. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवून, निपटून मग भाजावेत आणि सोनेरी रंगावर थांबावे. गडद तपकिरी रंगाचा मोह धरू नये.

पेटीचा मला जो सर्वांत मोठा लाभ वाटतो तो कोणी जाहिरातीत सांगताना दिसत नाही. तो म्हणजे मागे उरणारे तळणीचे तेल. दिवाळीनंतर प्रत्येक घरी काळपट तेलाचा एक डबा उरतो आणि 'टाकवत नाही' म्हणून तुळशीच्या लग्नापर्यंत, काही घरी संक्रांतीपर्यंत, फोडणीत आणि पुन्हा तळणीत वापरला जातो. पुनःपुन्हा तापलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये साठत जातात. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांची मर्यादा पंचवीस टक्के ठरवली आणि त्यापुढचे तेल स्वयंपाकास निषिद्ध केले. हलवायाकडे तपासनीस जाऊ शकतो. आपल्या घरातल्या डब्याकडे कोण येणार? ज्या घरी कढई चढली नाही तेथे हा डबाच नाही. माझ्यासारख्याच्या रक्तवाहिन्यांवर कोणत्या चकलीचा किती बोजा पडला हे मी सांगू शकत नाही, पण आयुष्यभर त्या डब्यातली फोडणी मी आवडीने खाल्ली आहे.

खर्चाविषयी थोडक्यात. पंधराशे वॉटची पेटी वीस मिनिटे चालली तर अर्धा युनिट वीज जाते. ते जड नाही. मात्र तिला मिक्सरच्या साध्या खटक्यावर लावू नये, सोळा अँपिअरचा जाड पिनांचा प्लग हवा. गरम हवा मागच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. वेळेचा हिशेब मात्र वेगळा आहे. एका वेळी आठ-दहा चकल्या. साठ चकल्यांना दोन तास सहज लागतात. कढईवर हिचे हे काम तासाभरात उरकत असे. पण ते दोन तास ही चुलीच्या धगीशी उभी नव्हती. पेटी आपली गुरगुरत होती आणि सासू-सून ओटीवर बसून रांगोळीचे रंग गाळत होत्या. पूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हिच्या मनगटावर तेलाच्या थेंबांचे दोन-चार डाग असावयाचेच. मी ते इतकी वर्षे पाहिले आणि कधी त्याविषयी बोललो नाही.

आळीतल्या एक-दोन वृद्ध मंडळींनी विचारले, नैवेद्याला हे चालेल का? अग्नी कोळशाचा की विजेचा याने नैवेद्य बाधत नाही, असे माझे मत मी त्यांना सांगितले. गॅसच्या शेगडीवरही पूर्वी हीच शंका घेतली गेली होती. मात्र पेटी घरात सर्व प्रकारच्या खाण्यासाठी वापरली जात असेल, तर ज्यांच्या मनाला टोचते त्यांनी सोवळ्याची टोपली निराळी ठेवावी. वाद तेथेच मिटतो.

आमच्या घरी यंदा वाटणी ठरून गेली आहे. चकली, शंकरपाळी, करंजी पेटीत. अनारसे कढईत, एक वाटी तुपात, लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यापुरते पाच. त्यातला अर्धा माझा. भाजणी कालच दळून आली. घरभर तिचा वास आहे. सकाळी ही दूरध्वनीवर सूनबाईला सांगत होती, "अगं, येताना तेल लावायचा तो मऊ ब्रश आठवणीने आण. आणि हे बघ, या खेपेला मी पिठात थोडं दही घालून बघणार आहे. बाबांना आत्ता सांगू नकोस."

मी माजघरात पोथी लावीत बसलो होतो. ऐकू न आल्यासारखे केले.